पात्यावरची धूळ

नोवोसिबिर्स्कच्या दक्षिणेला, बर्चच्या जंगलात वसवलेल्या
त्या शास्त्रज्ञांच्या गावी वाऱ्यासाठी एक बोगदा होता,
आणि बोगद्याच्या वरच्या मजल्यावर आम्ही सातजणी
'फेलिक्स' यंत्रांच्या मुठी फिरवत बसायचो.
आकडा शून्याखाली घसरला की यंत्रातली घंटा वाजे.
इतक्यांदा वाजे, की नवख्याला वाटावं
इथे सायकली विकतात.

पहिल्या दिवशी कपितोलिना येगोरोव्नानं मला खाली नेलं.
पंखा बंद. माणसाहून उंच पाती.
एका पात्यावरून बोट फिरवून तिनं माझ्या नाकासमोर धरलं:
धूळ.
"काल दिवसभर फिरलंय हे. ही का उडाली नाही, सांग."
मला काही सुचेना.
"पृष्ठाला टेकलेली हवा पृष्ठाचीच होऊन राहते.
वर कितीही वादळ असू दे, भिंतीपाशी वेग शून्य.
जे काय घडतं ते त्याच्या जरासं वर, कागदाच्या जाडीत."
मग बोट एप्रनला पुसत म्हणाली,
"एवढं पाठ कर. बाकीचं पगारापुरतं."

काम असं:
भिंतीवर काय आहे ते ठाऊक.
दूर, मोकळ्या प्रवाहात काय आहे तेही ठाऊक.
मधलं काढायचं.
पण निघायचं भिंतीपासून, आणि निघताना चढ किती घ्यायचा
हे कुठेच लिहिलेलं नाही.
तेव्हा एक आकडा मनानं धरायचा आणि अंधारात तीर.
०.३. अलीकडेच पडला.
०.४. डोक्यावरून गेला.
मग त्यांच्या मधला. मग त्याच्याही मधला.
दूर म्हणजे खरं तर अनंत, पण तिथवर मूठ कोण फिरवणार?
आम्ही आठवर थांबायचो.
"अनंत म्हणजे निजलेला आठ," ती म्हणायची,
"आपण त्याला उठवून बसवलंय, इतकंच."
०.३३२ ला माझा तीर पहिल्यांदा लागला
तेव्हा बाहेर उणे एकतीस होतं, आणि मी खिडकी उघडली.
पाचजणींनी शिव्या घातल्या. ती हसली.

मार्चमध्ये तिच्या खणात डिंक शोधताना
एक वही हाती आली. आमच्याच तक्त्यासारख्या रेघा.
पहिली ओळ, शाईनं: रोदिओन. नोव्हेंबर १९३७. रात्रीचे दोन. बूट घालू दिले.
शेवटची, शाईनं: १४ फेब्रुवारी १९४२. न्यूमोनिया. सही, शिक्का.
मध्ये पन्नास ओळी, महिन्याला एक, पेन्सिलीनं:
हा महिना गाडीत.
लाकूडतोड असावी. खोकला सुरू.
दाढ गेली.
इथे कुणीतरी त्याला टोपी दिली.
खोडून, पुन्हा लिहून, कागद इतका झिजलेला
की मागच्या पानावरचा मे या पानावरच्या जूनमध्ये दिसत होता.

तिनं पाहिलं. वही ओढून घेतली नाही.
भिंतीला कान असतात. भिंतीपाशी वेग शून्य असतो हे मी
इथे येऊन शिकले होते, कानांचं आधीपासून माहीत होतं.
खाली पंखा सुरू होईपर्यंत ती थांबली.
"दोन्ही टोकं दिलेली आहेत. मधलं निघायला हवं ना?"
मी मान हलवली.
"निघतं. दरवेळी सुरेख निघतं, तीच पंचाईत.
वेरेशागिनच्या बापाचाही तसाच कागद आलाय. तोच हिवाळा,
तोच न्यूमोनिया.
टोकच खोटं असलं, तर गणित ओरडत नाही, पोरी.
घंटासुद्धा वाजत नाही."

नंतर मोठं यंत्र आलं, आमच्या मुठी गोदामात गेल्या.
ती गेली, वही माझ्याकडे ठेवून.
एकोणनव्वदच्या शरदात दुसरा कागद आला, तिच्या नावे,
माझ्या पत्त्यावर:
२७ नोव्हेंबर १९३७.
शिक्का नवा. न्यूमोनियाचं नाव नाही.

म्हणजे मध्ये पन्नास ओळी नव्हत्याच.
अकरा दिवस होते, कागदाच्या जाडीचे.

मी वही काढली, खोडरबर काढला, टेबलाशी बसले.
मग नुसतीच बसले.
टोपीचा महिना अजून वाचता येतो.